चार कोपऱ्यांचं ठिगळ

मी घाबरट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला धीराची बाई वगैरे म्हणायला नको. लिफ्टमध्ये मी डोळे मिटून उभी राहते, कुत्रा दिसला की रस्ता ओलांडते, आणि पाणी म्हणाल तर एका बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी असलेलं मला आवडत नाही. वडील मला भित्री भागूबाई म्हणायचे. त्यांचं काही चुकत नव्हतं.

आणि अशा बाईच्या पोटी ही पोरगी! कॉलेजात गेली आणि पहिल्याच महिन्यात घरी येऊन म्हणाली, "आई, मी शिडाच्या होड्यांच्या टीममध्ये आहे." अगं, जगात कॅरम नाही? बॅडमिंटन नाही? पण आजोबांवर गेली आहे, दुसरं काय.

माझे वडील शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत स्वतः बांधलेली लहानशी होडी तलावात घालायचे. मी पुढे बसायचे, ते मागे सुकाणू धरून. वारा मंद असला की मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. होडी एका अंगाला कलायची, आम्ही दोघं दुसऱ्या अंगाला रेलायचो, आणि ते शाळेतला कडक आवाज सोडून काहीबाही गुणगुणायचे. तसे ते घरी कधीच नसायचे.

मग मी दहा वर्षांची असताना एके दिवशी त्यांनी होडी मुद्दाम आडवी केली. छातीभर पाण्यात. म्हणाले, "शिडाखाली सापडलीस तर काय करायचं, ते आज शिकायचं." ओलं शीड पाण्यावर पडलं की चिकटूनच बसतं. खाली आपण, अंगात लाइफ जॅकेट. ते आपल्याला वर ढकलतंय आणि वर कापड. बुडीही मारता येत नाही आणि तोंडही बाहेर काढता येत नाही. शीड म्हणजे एकमेकींना जोडलेल्या लांब पट्ट्या, त्यांची शिवण बोटांना लागते. "शिवण धर आणि जात राहा!" ते बाहेरून ओरडत होते. "शिवण कडेला जातेच!" मी शिवणबिवण काही धरली नाही. "उचला, उचला" करून किंचाळले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि त्यांनी शीड उचललं. तेव्हापासून कानाला खडा. परत मी होडीत पाऊल ठेवलं नाही.

पोरीला मी पाण्याबद्दल एवढं एकच शिकवलं: शिडाखाली सापडलीस तर शिवण धर. तेही माझं ऐकीव ज्ञान. मी स्वतः ती शिवण कडेपर्यंत कधी नेलेलीच नव्हती.

माझा धंदा कव्हरं शिवायचा. गाड्यांच्या सीटची, सोफ्यांची, झालंच तर दुकानांपुढच्या ताडपत्र्या. मशीन जाड कापडाचं आहे, आणि हात माझा पक्का आहे, हे मी न लाजता सांगते. काम तपासल्याशिवाय मी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. सीट कव्हर असेल तर स्वतः बसून चार हिसके देते, ताडपत्री असेल तर वर बादली ओतते. म्हणून पोरीचे सर फाटकं शीड घेऊन दुकानात आले, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. फाटलं होतं बरोबर मधोमध, पट्टीच्या शिवणीवरच. मी चांगलं वीतभर रुंद ठिगळ कापलं, दोन्ही अंगांनी लावलं, कडेने झिगझॅगच्या दोन फेऱ्या मारल्या, कोपरे दुहेरी केले. पोरगी शिडाचं दुसरं टोक धरून उभी होती. सर म्हणाले, "ताई, नव्यापेक्षा पक्कं झालं." ते मी तपासलं नाही. शीड कुठे तपासणार, पंख्याखाली?

शर्यतीच्या दिवशी मी धक्क्यावर गेले ते पोरीने फारच गळ घातली म्हणून. वारा असा, की केस तोंडातून काढता काढता पुरेवाट. चार कॉलेजं होती, पण सगळ्या होड्या आमच्याच कॉलेजच्या. प्रत्येक फेरीनंतर होड्यांची अदलाबदल करायची, म्हणजे कुणी म्हणायला नको की आम्हाला वाईट होडी मिळाली. माझं ठिगळवालं शीड लाल होडीवर होतं. पहिल्या फेरीत ती दुसऱ्याच मुलांकडे होती. शेजारी कुणाची तरी आई उभी होती, तिला मी दोनदा दाखवलं, "ते ठिगळ दिसतंय ना, ते माझं." केवढी मिजास!

दुसऱ्या फेरीत लाल होडी उलटली. उलटणं काही नवीन नव्हतं, सकाळपासून दोन उलटल्या होत्या. शीड पाण्यावर सपाट पसरलं, वर माझं ठिगळ, चारही कोपरे कसे नीट. शिडाच्या कडेने दोन डोकी वर आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवायला हात उचलले आणि तसेच राहिले.

शिवण धर, ती कडेला जातेच. पण माझी कुठे जात होती? पट्टीची शिवण मधोमध माझ्या ठिगळाखाली शिरून गडप होत होती. तिथे बोटांना लागणार माझ्या दोन फेऱ्या, जाड, पक्क्या, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या. शिडाखाली, अंधारात, श्वास संपत आलेला असताना ती धरून कुणी निघालं, तर ते फिरतच राहील. मी चांगली मजबूत करून ठेवली होती ती.

होड्या धक्क्याला लागल्या. अदलाबदल सुरू झाली आणि माझी पोरगी लाल होडीकडे निघाली. सोबत तिची जोडीदार, ताडासारखी उंच मुलगी, तिला सगळे लंबूच म्हणतात.

मी धावले. धक्क्यावर दोरच दोर, पाय अडकला, पडता पडता वाचले. "ए, थांब! ऐक माझं. शिडाखाली गेलीस ना, तर—"

"शिवण धर," ती हसत म्हणाली. "माहितीये गं आई. शंभर वेळा सांगितलंयस." आणि पाय मारून होडी ढकललीसुद्धा.

"तसं नाही! अगं, ऐक!" वाऱ्यात माझा आवाज माझ्याच तोंडात परत येत होता. मी सरांची बाही धरली. "ती होडी थांबवा."

"का? ठिगळ उसवलं का?"

"नाही हो, ठिगळ पक्कं आहे."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि शिट्टी तोंडात घातली.

मला समजावून सांगता आलं नाही. अशी कधी कुणी तक्रार केली आहे का, की माझं काम फार चांगलं झालंय, ते थांबवा म्हणून? मी शेजारच्या बाईला सांगायला गेले, ती म्हणाली, "अहो, पाणी प्या थोडं." पाणी! मी धक्क्याच्या कडेचा खांब दोन्ही हातांनी धरला आणि ते ठिगळ बघत राहिले. देवा, आज वारा पड. पोरगी हरू दे, शेवटची येऊ दे, दात पडू दे एखादा, पण ते शीड उभं राहू दे. वळसा घालायच्या दूरच्या तरंगत्या खुणेपर्यंत, त्या बोयापर्यंत, ते उभं राहिलं. बोयाला वळसा घालताना वारा आला आणि ठिगळ एकदम आडवं झालं.

एक डोकं वर आलं. उंच मान, लंबूच ती.

दुसरं येईना.

मदतीची मोटरबोट पलीकडे दुसऱ्याच उलटलेल्या होडीपाशी होती. लंबू इकडेतिकडे बघत होती, हाक मारत होती, ते तिच्या उघड्या तोंडावरून कळत होतं. शिडाच्या मधोमध कापड किंचित वर उचललं गेलं. मग ते हललं. मग बाजूला हललं, मग खाली. कुणीतरी खालून ठिगळाला प्रदक्षिणा घालत होतं. मला ते धक्क्यावरून दिसत होतं, आणि ते काय आहे हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला कळत होतं. मी ओरडले, "सोड! शिवण सोड!" घसा फुटेस्तोवर ओरडले. सोड काय, सोड! आयुष्यभर धर धर म्हणून सांगितलं मी तिला.

मग लंबू पोहत डोलकाठीच्या टोकापाशी गेली आणि तिने ते खांद्यावर घेतलं. शीड पाण्यापासून सुटलं. खालून माझी पोरगी निघाली.

मी खांब सोडला.

त्यांनी होडी सरळ केली, फेरी पूर्ण केली, शेवटच्या आल्या. सरांनी पाठ थोपटली. ती टॉवेल गुंडाळून बाकावर बसली, ओठ निळे, आणि सगळ्यांना म्हणत होती, "काही नाही झालं." मी तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, "आई, तुझी शिवण संपतच नव्हती."

मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी तिचे हात हातात घेतले, बोटांची टोकं सोलवटली होती.

"सर," मी उठून म्हणाले, "ते शीड काढून द्या. उद्याही फेऱ्या आहेत ना?"

दाभण आणि मेणाचा जाड दोरा माझ्या पिशवीत कायम असतो. धक्क्यावरच मांडी घालून बसले. ठिगळाच्या एका कोपऱ्यापासून शिडाच्या जवळच्या कडेपर्यंत सरळ शिवण घातली, ठरावीक अंतरावर एकेक गाठ, आंधळ्याच्या बोटालाही लागेल अशी. सर म्हणाले, "ताई, याने शिडाचा आकार थोडा बिघडेल हं." मी म्हणाले, "बिघडू दे."

शीड परत चढवलं. मग मी चपला काढल्या.

"हे काय?" पोरगी म्हणाली.

"तपासल्याशिवाय मी काम देत नाही."

"आई, तू? अगं, दुसरं कुणीही जाईल. मी जाते."

"तू गेलीस की एकदा," मी म्हणाले. लाइफ जॅकेटचे पट्टे तिनेच आवळले. धक्क्याच्या उतारावरून आम्ही तिघी छातीभर पाण्यात गेलो. लंबूने होडी आडवी केली. "श्वास कोंडला तर एका हाताने कापड वर ढकल, तोंडापुरती जागा होते," पोरगी म्हणाली. शीड आलं आणि माझ्यावर पडलं.

तेच ते. चाळीस वर्षं झाली तरी तस्संच: हिरवट उजेड, तोंडावर ओलं कापड, कानात स्वतःचंच काळीज. मी मरणार अशी माझी पक्की खात्री झाली. हात वर गेला, पट्टीची शिवण लागली, मग ठिगळ लागलं. पहिला कोपरा. दुसरा. तिसरा. माझाच टाका, एकसारखा, कुठे खोट नाही. पोरीने इथे काय सोसलं ते मला तेव्हा कळलं.

"आई!" वरून तिची हाक आली. "उचलू का?"

मी कापड ढकलून श्वास घेतला, पाणी थुंकले. "हात लावायचा नाही!"

चौथा कोपरा. तिथे गाठ लागली. पुढे दुसरी. मी रडत होते, पाणी पीत होते, आणि गाठींवरून बोटं सरकवत होते. मग शीड संपलं.

बाहेर दोघी उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. केस डोळ्यांवर, नाक वाहतंय, अशा अवतारात मी डोलकाठीला धरून उभी राहिले.

"एका कोपऱ्यावर भागणार नाही," मी म्हणाले. "चारही कोपऱ्यांना घालायला हवी. माझी पिशवी आण."