खालच्या अंगाला

गेटचं चाक हलेना, तेव्हा ऑपरेटरने त्यावर पोतं गुंडाळलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. चाक करकरत फिरलं. तुंबलेलं काळं पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांकडे न जाता बाजूच्या नाल्यात घुसलं आणि तिथून थेट नदीत.

सकाळी मोठा पंप जळाला होता. जोडीचा पंप आधीच दुरुस्तीला गेलेला. शहराचं सांडपाणी येतच राहिलं, चढत राहिलं आणि दुपारी सखल गल्लीतल्या बायका शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मोऱ्यांतून मैला वर येत होता. एकीची सासू अंथरुणाला खिळलेली. तिची खाट विटांवर चढवून ती धावत आली होती.

इंजिनिअर साहेबांनी फोनवर क्षणाचाही विचार केला नव्हता.

"उघड गेट. घराघरांत घाण शिरली तर लोक मला फाडून खातील."

"आणि नदी, साहेब?"

"नदी येते का तक्रार घेऊन? पंपाचा भाग पुढच्या आठवड्यात येईल. तोवर कळ काढ आणि कुठे ब्र काढू नकोस."

गेट उघडल्यावर बायका निघून गेल्या. ऑपरेटरने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. नदीच्या खालच्या अंगाला, पहिल्याच गावात, त्याच्या थोरल्या बहिणीचं सासर होतं. त्याने तिला फोन लावला.

"ताई, आज नदीचं पाणी भरू नकोस."

"का रे?"

"भरू नकोस, एवढं ऐक माझं."

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"आम्ही कुठे भरतो? तू कामाला लागलास त्याच वर्षी मासे मरून वर आले होते. तेव्हापासून तुझे भावजी शेतातल्या विहिरीवरून आणतात. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

तो चाकाला टेकला. सुट्टीला ताईकडे गेला की जेवता जेवता तो हटकून सांगायचा, नदी आता कशी निवळली आहे. भावजी खाली मान घालून "हो, हो" करायचे.

"आणि बाकीचं गाव?"

"ते भरतं."

"तू कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझा सख्खा भाऊच तिथे आहे, असं?"

नाल्यातल्या पाण्याचा आवाज वाढला होता. त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आज सांग त्यांना. हवं तर माझं नाव घे."

ते 'हवं तर' त्याचं त्यालाच ऐकू आलं. ताईने फोन ठेवला नाही. चपला वाजल्या, दाराची कडी निघाली. ताई शेजारणीशी बोलू लागली.

"काकू, आज नदीवर नका जाऊ. वर कुठेतरी जनावर मरून पडलंय म्हणे."

"अगं बाई! मग कधी भरायचं?"

ऑपरेटरने तोंड उघडलं. इथून फोनमध्ये ओरडला असता, तरी ते काकूंपर्यंत गेलं असतं.

"उद्या भरा," ताई म्हणाली.

घागर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताई पुन्हा फोनवर आली.

"जेवलास का?"

"हो," तो म्हणाला.