लसणाची बरणी
भावाच्या सलूनचं दार उघडलं आणि लसणाचा भपकाराच आला. एरवी तिथे साबणाचा आणि पावडरीचा वास असतो. मी त्याच्यासाठी शिवून आणलेले नवे एप्रन बाकावर टाकले. आरशाखाली, कंगव्यांच्या पेल्याशेजारी, सोललेल्या पाकळ्यांनी भरलेली बरणी होती.

"हे काय रे?"

"औषध," तो म्हणाला. खुर्चीत निवृत्त मास्तर बसले होते, गालभर फेस. "पोटात जंत झालेत, ताई. प्रतिकारशक्ती कमी, म्हणून त्यांचं फावलं. डॉक्टरांनी औषध दिलंय, पण लसणाने जंत मरतात आणि ताकदही वाढते म्हणे. मास्तरांनीच सांगितलं."

"कच्चा खायचा, उपाशीपोटी," फेसातून मास्तर बोलले.

हातात वस्तरा असताना गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, ही आमच्या वडिलांची शिकवण. भावाने ती इतकी मनावर घेतली की तो सगळ्यांनाच हो म्हणतो. पाऊस पडणार म्हणणाऱ्यालाही हो, नाही पडणार म्हणणाऱ्यालाही हो. आणि लोक काय, फुकटचा सल्ला द्यायला एका पायावर तयार.

माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. चपलेचे पट्टे मांसात रुतले होते.

"पाय का सुजलेत?"

"दिवसभर उभा असतो ना."

"किडनीच्या गोळ्या घेतोयस ना?"

तो वस्तरा पुसत राहिला.

"बोल!"

"बंद केल्यात. अगं, त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. एकीकडे लसणाने वाढवायची आणि दुसरीकडे गोळीने दाबायची, हे कुठलं शहाणपण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती किडनी माझी आहे. गेल्या वर्षी माझ्या कुशीतून काढून त्याच्या पोटात बसवली. अजून शिलाई मशीनवर जास्त वेळ वाकले की टाके ओढतात. आम्हा दोघांना शेजारी बसवून डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, की शरीराला ती परकी वाटते, शरीर तिच्यावर तुटून पडतं, तसं होऊ नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यायची. तेव्हा हा मान डोलवत होता. आत्ता कळलं, तो डॉक्टरीणबाईंनाही गिऱ्हाईकच समजला होता.

"चल दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

"ताई, मास्तरांची अर्धी दाढी राहिलीय."

"राहू दे! अर्धी अक्कल घेऊन जन्मभर फिरले, अर्धी दाढी घेऊन घरापर्यंत जातील!"

मास्तर काहीतरी म्हणायला गेले. मी बरणी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या. तुम्हीच खा. आणि तुमच्या बहिणीची किडनी पणाला लावा, माझी नको."

रिक्षात दवाखाना येईपर्यंत मी त्याला झापत होते.

दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं, पोटावरून यंत्र फिरवलं. कागद वाचता वाचता डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरत गेला.

"लसणावर माझा राग नाही," त्या त्याला म्हणाल्या. "प्रयोगशाळेत काचेच्या बशीत तो काही परजीवी मारतो. माणसाच्या पोटात तेवढं साधतं याचा भक्कम पुरावा नाही. भाजीत घालून खाल्ला असतात तर मी चकार शब्द काढला नसता. पण गोळी सोडलीत! तुमच्याच शरीराने किडनीवर हल्ला चढवलाय. आज भरती व्हा. हल्ला थोपवायला जास्त जोराची औषधं देऊन बघू. किती वाचेल, वाचेल की नाही, आज सांगता येणार नाही."

"हो," भाऊ म्हणाला.

"हो म्हणू नकोस!" मी ओरडले. बाहेरच्या बाकावरचे लोक आत डोकावले. "कळलं नसेल तर विचार. पटत नसेल तर भांड. पण हो म्हणू नकोस!"

त्याला खाटेवर घेतलं, हातात सुई टोचली. नर्सने छोट्या वाटीत ती जुनीच गोळी आणून ठेवली. तो छताकडे बघत होता.

"ताई, रागावलीस?"

"हो. खूप. दिलेलं परत मागणार नाही मी. पण दुसरी द्यायला माझ्याकडे नाही रे, गाढवा. असती तर तीही दिली असती, हाच तर राग आहे."

तो रडायला लागला. मी गोळी उचलली.

"तोंड उघड."

त्याने उघडलं. लसणाचा वास थेट माझ्या तोंडावर आला. गोळी गिळेपर्यंत मी त्याची हनुवटी धरून ठेवली.