कापसाच्या ढिगावरचा भारत

घनश्यामच्या घरी त्या वर्षी भारत मधल्या खोलीत होता. हिमालय मागच्या भिंतीला टेकलेला, कन्याकुमारी दाराशी. येणाऱ्याजाणाऱ्याने ती तुडवू नये म्हणून तिथे पाट आडवा लावलेला. सगळा देश कापसाचा होता.

कापसाला भाव नव्हता. तो येईल या आशेवर बाभुळगावाकडच्या त्या गावात घरटी एक खोली कापसाला दिलेली होती. कापूस आत राहायचा, माणसं ओसरीत. घनश्यामची मुलगी निशिगंधा दहावीला होती. ओसरीत टीव्ही, अंगणात बकऱ्या, म्हणून ती आणि शेजारची कशफ ढिगावर चढून अभ्यास करत. कशफ ही फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या मोहिउद्दीन मिस्त्रींची मुलगी. भूगोल डोक्यात राहत नाही म्हणून ढिगाचाच भारत करायचा, ही कल्पना तिची. नद्यांच्या जागी तिने बोटाने चऱ्या ओढल्या आणि पिकं, खाणी, बंदरं दाखवायला पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, लांब काड्या खोचल्या. एकीने विचारायचं, दुसरीने त्या प्रांतात जाऊन उत्तर द्यायचं.

परीक्षा आठवड्यावर आली होती. घंटा वाजली की सगळं विसरेन, असं कशफला वाटायचं. निशिगंधाला वाटायचं, आठवेल सगळं, पण विज्ञानाच्या पेपरात इतिहास आठवेल. भीतीत दोघी पहिल्या श्रेणीत होत्या.

दुपारी लाइट गेली तसं कशफने विचारलं, "काळी मृदा कुठं सापडते?"

निशिगंधा सरकत विदर्भात गेली, तिथली काडी उपटली आणि त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला. "इथं," म्हणाली, आणि हात तसाच आत ठेवला.

"पुढं? कोनतं पीक?"

"गरम हाय."

"विदर्भ गरमच रायते. पीक सांग."

"कशफ, तू हात घाल."

कशफने हात घातला आणि लगेच बाहेर काढला. बोटं ओलसर झाली होती. गुरांच्या आंबलेल्या ढेपेसारखा वास येत होता. उपटलेली काडी तिने गालाला लावली. चुलीतून आत्ताच ओढल्यासारखी ती ऊन लागली. तिने ती पटकन होती तिथे खोचली.

कशफने भूगोल मिटला आणि विज्ञान उघडलं. श्वसनाचा धडा तिला पाठ होता, पण आता तो तिने पहिल्यांदा वाचला.

"सरकी जित्ती असते," ती हळूच म्हणाली. "पेरली का उगवते, म्हन्जे जित्तीच. ओली झाली का श्वसन वाढते. श्वसन झालं का उष्णता निघते."

"मंग?"

"मंग थे उष्णता जाईन कुठं? वर आपन बसून राह्यलो."

दोघी एकदम खाली उतरल्या. उतरताना पंजाबचा काही भाग घसरला.

"पन ओली झाली कशी?" कशफ म्हणाली. "पाऊस तर दिवाळीपासून नाई."

निशिगंधाने पाहिलं होतं.

कापूस विकायला न्यायच्या आदल्या संध्याकाळी त्यावर थोडं पाणी मारायचं, ही तिकडची रीत. वजनाला तेवढीच मदत. मारतात सगळे, बोलत कोणी नाही. गेल्या आठवड्यात उद्या खरेदी केंद्र उघडणार अशी खबर आली आणि त्या संध्याकाळी हापशीवर बादल्यांची रांग लागली. कशासाठी पाणी, हे कोणी कोणाला विचारलं नाही. एवढा समजूतदारपणा त्या गावात एरवी दिसत नसे. सकाळी दुसरी खबर आली: जिनिंगच्या गिरणीत कापूस ठेवायला जागा नाही, केंद्र पुढील सूचना येईपर्यंत बंद. घनश्यामने ओल्यावर कोरडा कापूस ओढून घेतला. त्याच्यावर पोरींनी पुन्हा भारत मांडला.

घनश्याम बाजारातून आला तेव्हा दोघी ओसरीत उभ्या होत्या.

"काकाजी," कशफ म्हणाली, "कापूस गरम झाला."

"उन्हाळा लागला, बेटा."

"आतून झाला, बाबा," निशिगंधा म्हणाली.

"अभ्यासानं डोक्सं तापलं तुमचं. लिंबूपानी घ्या."

मग काहीतरी शोधत असल्यासारखा तो मधल्या खोलीत गेला आणि बराच वेळ आला नाही. बाहेर आला तेव्हा उजवा हात धोतराला पुसत होता.

"कापूस गरमच रायते," तो म्हणाला. "म्हनून तर गादीत भरते."

त्याची बायको विमलताई दारातून हे ऐकत होती. पाणी मारलं त्या संध्याकाळी बादल्या तिनेच भरल्या होत्या. "बाहेर काढा अन् वाळू घाला," ती म्हणाली.

"अंगनात? लोकं विचारतीन, पावसाबिगर कापूस भिजला कसा?"

"अन् आग लागली तर?"

"पानी मारू."

"पानीच तं मारलं," विमलताई म्हणाली.

घनश्यामची अडचण निराळी होती. केंद्रावरचा काटा खोटा आहे, वजनात शेतकऱ्याला फसवतात, असा अर्ज गावाने केला होता आणि त्यावर पहिली सही त्याची होती. अर्ज लिहिताना 'प्रामाणिक' हा शब्द त्यानेच हट्टाने घालायला लावला होता. आगीला तो भीत होताच. लोकांना जास्त भीत होता.

दुसऱ्या दिवशी विमलताईने चूल पेटवली नाही, कारण चुलीमागची भिंत तीच मधल्या खोलीची. घराने चिवडा खाल्ला. घनश्याम न पेटवलेली बिडी तोंडात धरून ओसरीत बसला. समोरचा देवसिंग जाता जाता म्हणाला, "काहून गा, सोडली काय?"

"डॉक्टरनं सांगतलं."

"कोन्या डॉक्टरनं?"

"लहान हाय अजून," घनश्याम म्हणाला आणि आत पाहिलं.

आत दोघी पोरी दाराशी, कन्याकुमारीच्या अलीकडे बसून अभ्यास करत होत्या. ढिगावर चढायची हिंमत नव्हती आणि त्याला एकटं सोडायचीही नव्हती. कशफ ज्वलनाचा धडा वाचत होती. पेटायला तीन गोष्टी लागतात.

"इंधन हाय," ती म्हणाली. "ऑक्सिजन हाय."

तिसऱ्या शब्दावर, उष्णतेवर, तिने नुसतं बोट ठेवलं. निशिगंधाने पुढे वाकून विदर्भातली काडी ओढली आणि हातातून टाकून दिली. काडीचं टोक काळपट झालं होतं. भोकातून काहीतरी पांढुरकं, बारीक वर आलं आणि छपराच्या कवेलूंकडे गेलं.

"वाफ हाय का धूर?" निशिगंधाने विचारलं.

"हुंगून पाह्य."

"तू हुंग."

कोणीच हुंगलं नाही. निशिगंधा ढिगावर चढली आणि दोन्ही हातांनी उकरू लागली. वरचा कापूस पांढरा निघाला, मग पिवळा, मग चहाच्या रंगाचा. त्यातली सरकी काळी पडली होती. तिने कवेत मावेल तेवढा कापूस उचलला, पळत अंगणात नेऊन टाकला आणि परत आली. कशफने हिमालयाकडून सुरुवात केली. विमलताई टोपली घेऊन धावली.

घनश्याम दारात आडवा उभा राहिला. "निशा, लोकं पाहतीन."

"पाहू द्या, बाबा. घर जळालं तर आखीन पाहतीन."

घनश्यामने गल्लीकडे पाहिलं. मग तोंडातली बिडी खिशात ठेवली, खाली वाकला आणि कन्याकुमारी उचलली.

अंगणात कापूस पसरायला लागला तसा देवसिंग फाटकाशी येऊन उभा राहिला. घनश्यामने मान वर केली नाही. देवसिंगने तपकिरी कापसाची मूठ उचलली, नाकाशी नेली, दाबून पाहिली.

"अभ्यास चालू हाय वाटते पोरींचा," तो म्हणाला.

"व्हय," घनश्याम म्हणाला. "विज्ञान."

"बरं हाय." देवसिंगने मूठ जागेवर ठेवली आणि घराकडे निघाला. अर्धी गल्ली तो चालत गेला. उरलेली पळत गेला.

थोड्या वेळात त्याच्या अंगणात कापूस पडू लागला. मग त्याच्या शेजारच्या, मग त्याच्याही पलीकडच्या. कोणी कोणाला काही विचारलं नाही. दुपार कलेपर्यंत गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली आणि मधूनमधून पिवळी. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या कापसाकडे न पाहता आपला कापूस पालटत होता. तेवढ्यात धूर निघाल्याची बातमी ऐकून मोहिउद्दीन मिस्त्री पाठीवर भरलेला फवारणी पंप घेऊन आले आणि म्हणाले, "बोलो भई, कुठं मारू?"

"पानी नोको, मिस्त्री," गल्लीच्या दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला. "पानी नोको बावा."

मिस्त्री बिचारे नळी धरून उभेच राहिले.

खोली रिकामी झाली. मधोमध शेणाने सारवलेल्या जमिनीवर परातीएवढा काळा डाग होता. घनश्याम त्याच्याकडे पाहत उभा राहिला. मग ओसरीत येऊन कशफला म्हणाला, "पोरी, हे श्वसन का काय, हे परीक्षेत येते काय?"

"येते काकाजी. दोन मार्काले."

"दोनच?"

"कारन लिहा म्हनते. कारन बरोबर पाह्यजे."

घनश्यामने खिशातली बिडी काढली, पाहिली आणि पुन्हा खिशात ठेवली.

परीक्षेला सहाच दिवस उरले होते. विज्ञानाचा पेपर आधी होता आणि त्याच्यानंतर भूगोल. कशफ अंगणात उभी राहिली. नद्या, बंदरं, खाणी सगळं एकमेकांत मिसळून उन्हात पडलं होतं आणि बकरी आसामात शिरली होती.

"निशा, आता कसं करायचं? मले काईच आठवून नाई राह्यलं."

"विचार, मी दाखवते."

"विदर्भ?"

तेवढा ओळखायला सोपा होता. निशिगंधा त्या तपकिरी ढिगाशी बसली, जरा थांबली आणि हात आत घातला.

"अजून गरम हाय," ती म्हणाली.