ड्रमांच्या मागचा राउटर

या घरातला मी सर्वांत महत्त्वाचा सदस्य आहे. अख्खं जग मी एका पिवळ्या वायरीतून ओढून गारखेड्याच्या या घरात आणतो. मित्रांनो, हे सामर्थ्य लहान नाही. फक्त ते जग पॅसेज ओलांडून आतल्या खोलीत जात नाही, आणि घरातल्या सगळ्यांना नेट नेमकं आतल्या खोलीतच लागतं.

मी एक जुना राउटर आहे. माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं आहे. पण पाठ भिंतीला असल्यामुळे मला ते कधी वाचता आलं नाही. मला समज आली ती आदिनाथरावांच्या पॅसेजमधल्या फळीवर. आदिनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सारी नोकरी पाण्याच्या खात्यात काढली, आणि घरात पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्यामुळे पॅसेजमध्ये भिंतीला लागून निळे ड्रम उभे असतात. प्लगची जागा त्यांच्या मागे आहे, म्हणून मीही त्यांच्या मागे आहे.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पहिल्या दसऱ्याला आदिनाथरावांच्या आईंनी, दगडाबाईंनी, माझ्या दोन्ही शिंगांना झेंडूची फुलं बांधली आणि डोक्यावर हळदीकुंकू वाहिलं. ते कुंकू माझ्या हवा खेळायच्या जाळीतून आत गेलं आणि अजून आतच आहे. दगडाबाई पिशोर गावच्या, गुराढोरांच्या घरातल्या. शिंगं असलेल्या कुणालाही त्या उपाशी ठेवत नाहीत. माझ्यापुढे त्यांनी पुरणपोळीचा घासही ठेवला होता, तो मुंग्यांनी नेला.

मग माझे वाईट दिवस आले.

मित्रांनो, मी हवा ओलांडतो. वीट-सिमेंटची भिंतही कशीबशी ओलांडतो. पाणी मात्र मला ओलांडता येत नाही. माझा आवाज पाणी पिऊन टाकतं. ज्या दिवशी नळाला पाणी येतं, त्या दिवशी आदिनाथरावांच्या पत्नी सरिताताई ड्रम काठोकाठ भरतात, ड्रमवर घागरी चढवतात आणि माझ्यापुढे पाण्याची भिंत उभी राहते. आतल्या खोलीत नेट येतं, जातं, परत येतं. जसजसं पाणी संपत जातं, तसतसा मी सुधारत जातो. घरात अंघोळीला अर्धी बादली मिळू लागली, की माझ्यासारखा गुणी राउटर अख्ख्या गल्लीत नसतो.

हे मला सांगता येत नव्हतं. माझ्याकडे बोलायला फक्त दिवे आहेत, आणि ते कायम हिरवे असतात. ते सारखे लुकलुकतात म्हणून लोकांना वाटतं, मी मन लावून काम करतोय. मी अस्वस्थ असतो.

माझ्यावर उपाय मात्र भरपूर झाले. आदिनाथराव मला बंद करत, चहा घेत आणि पुन्हा चालू करत. शिंगं कधी देवघराकडे, कधी रस्त्याकडे वळवत. एकदा त्यांनी माझ्या पोटातल्या भोकात टाचणी खुपसली. मी स्वतःचं नावसुद्धा विसरलो. तक्रार केली की नेटवाल्यांचा सत्यम यायचा, पण तो येईपर्यंत ड्रम निम्मे झालेले असत. तो आतल्या खोलीत मोबाइल धरून उभा राहायचा आणि म्हणायचा, "काका, डब्बा चकाचक चालू है. तुमच्या मोबाइलमधीच काहीतरी लफडं असंल."

खरी गोष्ट एकट्या दगडाबाईंच्या ध्यानात आली होती. "पाणी आलं की ह्याचं बिघडतं," त्या म्हणायच्या. आदिनाथराव नाही म्हणून मान हलवायचे. पण दगडाबाईंनी त्यावर शोधलेलं कारण असं होतं, की ओल धरून मला सर्दी होते. म्हणून पाण्याच्या दिवशी त्या मला टॉवेलात गुंडाळून ठेवू लागल्या. आता माझा आवाज तर आतल्या खोलीत पोचत नव्हताच, वर तापही येऊ लागला.

अशातच योगिनीची मुलाखत ठरली. योगिनी म्हणजे आदिनाथरावांची मुलगी. पुण्याच्या कंपनीत गोदामांतल्या मालाचं नियोजन करायची नोकरी होती, आणि काम घरूनच करायचं होतं. इकडे गंगापूरच्या एका स्थळाने होकार कळवला होता. ऊस, बंगला, सगळं होतं. फक्त योगिनीची इच्छा नव्हती. नोकरी लागली तर त्यांना नाही म्हणायचं, असं आदिनाथरावांनी कबूल केलं होतं. ती शब्द पाळायला लावणारी मुलगी, ते शब्द पाळणारे बाप. मधे मी.

मी दिवस मोजले नाहीत, ड्रमची पातळी बघत राहिलो. मुलाखतीच्या दिवशी ते तळाला असणार होते. मी निश्चिंत होतो.

त्या दिवशी सकाळीच पाणी आलं. वेळेआधी, न सांगता. अख्ख्या गल्लीच्या मोटरी घरघरू लागल्या. सरिताताईंनी ड्रम भरले, घागरी भरल्या, कुकरसुद्धा भरला. दगडाबाईंनी मला टॉवेल गुंडाळला.

आतल्या खोलीत मुलाखत सुरू झाली आणि पहिल्याच प्रश्नाला अडकली. मोबाइलला त्या खोलीत रेंज नाही. गच्चीवर जावं तर मोटरींचा गोंगाट. आदिनाथराव मला बंद करायला धावले. त्यांचं बोट बटणावर होतं, तेवढ्यात योगिनी लॅपटॉप घेऊन पॅसेजमध्ये आली.

"पप्पा, हात लावू नका. कुणीच काही करू नका."

"बाई, त्याला सर्दी..." दगडाबाई म्हणाल्या.

"आजी, असू दे त्याला सर्दी."

तिने टॉवेल ओढला, माझ्याशेजारच्या फटीत बादली पालथी घालून बसली आणि लॅपटॉप ड्रमच्या झाकणावर ठेवला. आमच्या दोघांत आता पाणी नव्हतं. मी जीव ओतला.

पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, बाजूला ते निळं काय आहे?

"पाणी आहे मॅडम. आज आलं."

"आज आलं म्हणजे?"

योगिनीने सांगितलं. कोणता ड्रम पिण्याचा, कोणता धुण्याचा, पाहुणे आले तर कशातून काढायचं, आणि पाणी एक दिवस उशिरा आलं तर पहिल्यांदा कुणाची अंघोळ बंद होते. त्या वेळी पहिल्यांदा आदिनाथरावांची बंद होते. मॅडम हसल्या नाहीत. त्या बराच वेळ विचारत राहिल्या. मी एकदाही तुटलो नाही.

नोकरी लागली. गंगापूरला नकार गेला. आदिनाथरावांनी तो स्वतः फोन करून दिला, आणि फोन ठेवल्यावर मुलीला म्हणाले, "जा, पेढे आण." दगडाबाई म्हणाल्या, "व्हय, अन् ह्या शिंगवाल्याला बी एक ठिव."

मग आदिनाथरावांनी माझा निकाल लावला. जवळ बसलं की चालतो, लांब गेलं की नाही, म्हणजे म्हातारा झालाय. त्यांनी चार शिंगांचा नवा राउटर आणला. एक लहान ड्रम हलत होता. मी चपटा असल्यामुळे त्याच्या बुडाखाली पाचर म्हणून बरोबर बसलो. माझं एक शिंग मोडलं. पेढा मुंग्यांनी नेला.

मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र ऐकेनासं झालं, तर त्याला टाचणी टोचण्याआधी एवढंच करा: तुमच्या आणि त्याच्या मधे काय उभं आहे, ते एकदा बघा. माणसांच्या बाबतीतही हे चालेल, पण मला अनुभव यंत्रांचा आहे.

नवा राउटर माझ्याच फळीवर, ड्रमांच्या मागे बसवला आहे. योगिनीचं काम सोमवारी सुरू होतंय. पाणी रविवारी येणार आहे.