लांडग्याचा वाटा

इंदापूरच्या मंगल कार्यालयात माळरानाच्या गोष्टींचा कार्यक्रम रंगला होता. कुणी चिंकाऱ्यांची चित्रं लावली होती, कुणी गवतावर नाटुकलं बसवलं होतं. शेवटी मेंढपाळ आप्पांच्या धनगरी ओव्या होत्या, आणि नेमका आप्पांचाच घसा बसलेला. कार्यक्रम ठरवणारी सोनम अगदी रडकुंडीला आली.

"मी मांडते सुंबरान," सारजा म्हणाली. ही आप्पांची थोरली सून. सासऱ्याच्या ओव्या ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झाल्या होत्या, आणि आपण त्या त्यांच्याहून बऱ्या म्हणतो याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. एकदा तरी चारचौघांत उभं राहून म्हणायचं, हे तिनं कधीचं मनाशी धरलं होतं.

"बाईमाणसानं न्हाय मांडायचं," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आन झील कोण धरणार? मी तर न्हाय."

मागच्यानं ओळ उचलून झील धरली नाही, तर ओवी पुढं सरकत नाही. पण सुंबरान मांडलं म्हणजे देवाला बोलावणं गेलं. ते अर्धवट टाकायची आप्पांची छाती नव्हती. सारजा हे पुरतं ओळखून होती. तिनं पदर खोचला, ढोलवाल्याला खूण केली आणि देवाच्या नावाची पहिली ओळ खणखणीत घेतली. आप्पांनी खाऊ की गिळू असं तिच्याकडं पाहिलं आणि मुकाट झील धरली.

मग तिनं स्वतः रचलेली ओवी काढली.

"माळ त्याचा, गवात त्याचं, लांडग्याचा वाटा लांडग्याला!"

ढोल थबकला. परवाच लांडग्यानं आप्पांचा लाडका मेंढा नेला होता. आप्पांनी झील धरली नाही. सारजानं तीच ओळ वरच्या पट्टीत पुन्हा म्हटली.

"वाटा दिला, मग माजा मेंढाच का न्हेला?" आप्पांनी फाटक्या आवाजात सवाल टाकला.

"कुत्रं झोपलं, राखणदार बसला हाटेलात च्या प्यायला!"

राखणदार म्हणजे खुद्द आप्पा, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. हशा उसळला. आप्पाही हसले, आणि हसत हसतच त्यांनी लांडग्याच्या ओळीची झील धरली. मग ओवी अशी चढत गेली की ढोलवाल्याला घाम फुटला.

कार्यक्रम संपल्यावर सोनम आप्पांकडं आली. "पुढच्या महिन्यात बारामतीला याल का?"

"तिला इचारा," आप्पा म्हणाले. "मांडणारी ती हाय. मी निस्ता झीलकरी."

सारजाचे डोळे भरून आले, पण सोनम वळायच्या आत ती म्हणाली, "आमी दोघंबी येतो की!"