कुरडयांचे प्रवाळ

आमची शिवांजली मालवणला नोकरी करते. समुद्रात बुडी मारून प्रवाळ मोजायचे, ही नोकरी. मी तिची आत्या. फलटणच्या आमच्या माणसांना हे समजावता समजावता माझा घसा बसला. त्यात लग्न ठरलं आणि तिच्या होणाऱ्या सासूबाई, कोरेगावच्या बनाबाई, म्हणाल्या, "लग्नानंतर पाण्यात उतरायचं न्हाई. काय ठेवलंय त्या पाण्यात?"

माझं डोकंच फिरलं. काय ठेवलंय ते रुखवतात मांडूनच दाखवते, म्हटलं. हे पाहून त्यांनी पोरीची नोकरी राहू द्यावी, एवढंच मला हवं होतं.

महिनाभर खपले. कुरडयांचे प्रवाळ, पापड्यांचे शिंपले, सगळ्यात भरपूर हळद. जांभळा दिवा मारला की हळद चमकते आणि प्रवाळही असेच चमकतात, हे शिवांजलीनंच सांगितलेलं. हळदीच्या दिवशी कार्यालयातल्या एका खोलीच्या खिडक्यांना सतरंज्या लावून मी टेबलावर समुद्र मांडला आणि वर जांभळा दिवा टांगला.

हळद खेळून झाली तशी बनाबाईंना घेऊन आले. मागे अर्धं वऱ्हाड. बघते तर टेबल साफ! तेवढ्यात मुलाचे चुलते, सुभेदार हंबीरराव, मिशा पुसत आले.

"आवं आत्याबाई, कुरडया लय झ्याक! पर कच्च्याच ठिवल्या हुत्या. मी आचाऱ्याकडनं तळून घेतल्या."

"सगळ्या?"

"मग? पंगतीला पुराय नगं व्हय?"

मला रडूच कोसळलं. निदान दिवा तरी बघा, म्हणून रागारागानं दार लावून बटण दाबलं.

आणि सगळं वऱ्हाडच चमकायला लागलं. बनाबाईंचे गाल, कपाळ, कोपरं, सगळं हिरवं-पिवळं. अंधारात हंबीररावांच्या नुसत्या मिशा हलत होत्या. आधी किंचाळ्या, मग हसून हसून पोटं दुखली.

"अगं बया! मी बी चमकते व्हय?" बनाबाई हात उलटे-सुलटे करून बघत राहिल्या.

शिवांजली म्हणाली, "आई, पाण्याखाली असंच दिसतं. हेच बघायला उतरते मी."

बनाबाईंनी चमकता हात पुन्हा दिव्याखाली धरला. मग हळूच म्हणाल्या, "मला पवता येत न्हाई गं."

"मी धरते की हात."

बनाबाईंनी पदर खोचला आणि हंबीररावांच्या मिशांकडे वळल्या.

"भावजी, दिवाळीनंतर आठ दिस म्हशी तुमी बगा. आमी दोघी पाण्यात असनार हाय."