बोंबलांवरून जाळीत

मी बास्केटबॉल बोलतोय. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं मला मोकळेपणाने सांगता येईल. हो, मला वास येतो. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या तेलाचा. होडीच्या लाकडाला जे तेल लावतात तेच थळच्या कोळीवाड्यात माझ्या अंगाला लावलं, आणि तेही एकदा नाही, दर आठवड्याला. खाऱ्या वाऱ्याने चामडं तडकू नये म्हणून. हेतू चांगला होता, त्यामुळे तक्रार करता येत नाही.

माझा जन्म मात्र थेट जालंधरचा. फाळणीत घरदार सोडून आलेल्या एका कारागिराने मला बेतलं आणि त्याच्या बायकोने शिवलं. शिवताना दोघं जुन्या गावच्या गोष्टी काढायची आणि तिचा टाका मध्येच चुकायचा. पण माझ्या पोटात हवा भरून त्याने मला पहिल्यांदा फरशीवर आपटलं आणि मी उसळून त्याच्या हनुवटीला लागलो, तेव्हा ती बाई इतकी हसली की सुई हातातून पडली. या जगात आपलं काम लोकांना हसवायचं आहे, असा माझा तेव्हाच समज झाला. तो फारसा चुकीचा ठरला नाही.

मुंबईच्या दुकानातून मला दत्तात्रेय मास्तरांनी उचललं. शिकत असताना ते भायखळ्याच्या मैदानावर हा खेळ खेळले होते, आणि नोकरी लागली थळच्या शाळेत. उंच, किडकिडीत, चष्म्याला मागून दोरी बांधलेली. थळला मैदान कुठलं? किनाऱ्याला लागून मासळी वाळवायची मोकळी जागा होती, तेवढीच. तिथे मास्तरांनी मोडकी डोलकाठी पुरली, तिला होडीची जुनी फळी ठोकली, फळीवर पिंपाची लोखंडी कडी बसवली आणि कडीला फाटक्या जाळ्याचा तुकडा बांधला. मग दर्यावरून परतलेले तरुण गोळा करून त्यांनी ऐटीत सांगितलं, "आता बघा, चेंडू असा आपटत आपटत पुढे न्यायचा."

आणि मला आपटलं. मी धप्पकन वाळूत बसलो तो बसलोच. उसळणार कसा? मास्तर पुढे गेले, मी मागे राहिलो. कोळीवाडा पोट धरून हसला.

तेव्हा आपटत नेण्याचा प्रश्नच मिटला. राहिलं फेकणं. ते या पोरांच्या हाडातच होतं. एका होडीवरून दुसऱ्या होडीवर दोर फेकणारे हात ते. शिवाय कडीजवळ जायलाही वाट नव्हती. खांबाच्या भोवती वलांड्या उभ्या होत्या, म्हणजे बांबूंच्या आडव्या रांगा, आणि त्यांवर तोंडात तोंड अडकवून बोंबील वाळत घातलेले. कोणी रांगेखालून कडीकडे सरकला की सोनूबाईचा आवाज यायचा.

सोनूबाई ही त्या जागेची अनभिषिक्त मालकीण. सगळ्या बायका तिचं ऐकत. तिचा मुलगा गुणाजी हा आमचा म्होरक्या, पण आईपुढे त्याचीही डाळ शिजत नसे.

"गुन्या! कडीखाली पाय ठेवलास तर तंगडं मोडीन. बोंबलाला धक्का लागला तर बघ!"

मग काय करणार? सगळे वलांड्यांच्या अलीकडे उभे राहून, दोन्ही हातांनी मला छातीपासून उचलून, बोंबलांवरून जाळीत टाकायला शिकले. वारा पश्चिमेचा. तो मला उजवीकडे ढकलायचा, म्हणून नेम डावीकडे, समुद्राच्या अंगाला धरायचा. "दर्याकडं धर, दर्याकडं!" ही त्यांची एकमेकांना द्यायची हाक. मी समुद्राकडे निघायचो आणि वाऱ्यावर वळून अलगद कडीत उतरायचो. खरं सांगतो, असं उडण्यात फार मजा होती.

मास्तरांना मात्र हे पसंत नव्हतं. "अरे, जवळून टाकला तरी दोन गुण, लांबून टाकला तरी दोनच. मग हा खटाटोप कशाला?"

"मास्तर, जवल बोंबील हायत," गुणाजी म्हणायचा.

"इथे आहेत. स्पर्धेत नसतील. लांबून टाकणारे एखादा सामना मारतात, करंडक नाही जिंकत. एका दिवशी नेम चुकला की खेळ खलास."

"दर्यात तरी रोज कुठं मासली गावते? म्हनून जाल टाकायचं कोन सोरतो व्हय?"

यावर मास्तर चष्मा पुसायला घ्यायचे. हा वाद रोज चाले आणि रोज अर्धवट राही.

मग एका हिवाळ्यात बोंबील असा आला की ठेवायला जागा पुरेना. बायकांनी ठरवलं, सगळ्या जागेत वलांड्या घालायच्या आणि डोलकाठी उपटायची. गुणाजीचा चेहरा उतरला. तो आईपुढे जाऊन उभा राहिला. "आये, पहाटेपासून दर्यात असतो. सांजचा येवढाच येल माजा हाय. तो पन घेशील?"

सोनूबाईचे हात बोंबील ओवतच होते. ती काही दगडाची नव्हती, पण घरोघरची चूल त्या बोंबलांवर चालत होती. ती म्हणाली, "जिल्ह्याची स्पर्धा हाय ना तुमची? करंडक आना. गावाचं नाव काढलात तर खांब राहील, मी शबुद देते. न्हाय आनलात तर दुसऱ्या दिवशी तुज्याच हातानं उपटायचा."

गुणाजीने मान डोलावली. माझ्या पोटातली हवा थोडी कमी झाल्यासारखी वाटली. खांब गेला तर मी तरी कशाला उरणार?

पहिले सामने अलिबागला, समुद्राला लागून असलेल्या उघड्या मैदानावर झाले. तिथे आम्ही धमाल उडवून दिली. समोरचे संघ आपटत, पळत, घामाघूम होऊन कडीपर्यंत जायचे, आणि आमची पोरं मैदानाच्या मध्यावरून मला सोडून द्यायची. शिवाय माझा वास! समोरचा खेळाडू मला पकडायचा, हात नाकाशी न्यायचा आणि तेवढ्यात अंबाजी मला हिसकावून घ्यायचा. अंबाजी म्हणजे आमचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात भिडस्त गडी. गुण मिळाला तरी तो माफी मागितल्यासारखा हसायचा.

अंतिम सामना पेणला. आमची वरात एस.टी.ने निघाली, तेव्हा माझ्यामुळे आजूबाजूचे बाक आपोआप रिकामे झाले आणि पोरं ऐसपैस बसली. खेळायची जागा एका चिरेबंदी आवारात होती, चारी बाजूंना उंच भिंती, खाली कडक जमीन. गुणाजीने पोहोचल्या पोहोचल्या एका माणसाला विचारलं, "दादा, दर्या कुठल्या अंगाला आला?"

माणूस चक्रावला. त्याने विचार करून पश्चिमेकडे बोट दाखवलं. झालं! सगळ्यांनी ती दिशा मनात पक्की केली.

सामना सुरू झाला. गुणाजीने मला सोडलं, दर्याकडे नेम धरून. मी गेलो सरळ पश्चिमेला आणि वळण्याची वाट बघत भिंतीवर आदळलो. अंबाजीने टाकलं, तेच. एकामागून एक सगळे मला समुद्राकडे धाडत होते, आणि मला वळवायला वारा कुठे होता? पेणची मंडळी खिदळू लागली. "कोळीदादा, जाळी इकडे आहे!" असं कोणी ओरडलं. मला स्वतःलाच शरम वाटली. मी गोल असलो तरी मला तोंड लपवावंसं वाटलं.

मध्यंतरात मास्तर हताश होऊन म्हणाले, "आता तरी जवळ जा." पोरं निघाली, पण आपटत नेण्याची सवयच नव्हती. कडी गाठायच्या आधीच समोरच्यांनी मला सहज पळवलं.

त्या दिवशी पेणचा बाजार होता. सुकी मासळी विकून सोनूबाई रिकामी टोपली घेऊन आवारात आली होती. आपण हरलो तर तिला हवी ती जागा मिळणार होती, म्हणून ती मुकाट बसली होती. पण ते हसणं तिच्याने ऐकवेना. ती ताडकन उठली.

"माज्या पोरांना हसता व्हय? आरं ए गुन्या! हितं वारा कुठं हाय? भिंती बघ की येड्या! नीट कडीवर टाक!"

गुणाजीने बोट ओलं करून वर धरलं. कुठूनच गार लागलं नाही. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि सगळे एकदम हसले. मास्तरही.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून अंग फुगतं. मी सुटत होतो आणि कडीत पडत होतो. सुटत होतो आणि पडत होतो. पेणचे खेळाडू घाबरून कडी सोडून लांब लांब धावू लागले. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि वेळ संपत आली होती. मी गुणाजीच्या हातात. तिघेजण त्याच्या अंगावर धावले. त्याने पाहिलं, कडीखाली अंबाजी एकटा उभा आहे, आजूबाजूला चिटपाखरू नाही. त्याने मला अंबाजीकडे फेकलं.

अंबाजीने मला झेललं. वर कडी होती, हात उंचावला असता तरी पुरलं असतं. पण आयुष्यात तो कडीखाली कधी उभा राहिला नव्हता. त्याने मान वळवली आणि घाबऱ्या डोळ्यांनी सोनूबाईकडे पाहिलं. उभा राहू का, असं विचारल्यासारखं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

परतीच्या गाडीत अंबाजी मला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होता आणि त्याचे अश्रू माझ्या टाक्यांवर पडत होते. सोनूबाई पुढच्या बाकावर पाठमोरी बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी पहार घेऊन आला. शब्द म्हणजे शब्द. बघतो तर बायका वलांड्या सोडत होत्या. कडीखालच्या, खांबाभोवतीच्या सगळ्या रांगा निघाल्या होत्या आणि सोनूबाई स्वतः बांबू ओढत होती.

"आये, हे काय?"

"पहार ठेव खाली. ऱ्हायलेले बोंबील माज्या दाराशी वालतील." मग तिने काठावर घुटमळणाऱ्या अंबाजीला हाक मारली. "अंबाजी, हिकडं ये बाबा. हितं उभा रहा, कडीखाली. आनि माज्याकडं बघू नको. कडीकडं बघ."

अंबाजी आला. त्याने वर पाहिलं आणि मला हलकेच कडीत सोडलं. जाळ्याच्या तुकड्यातून मी खाली आलो तो सोनूबाईच्या पुढ्यात. तिने मला उचललं, पदराने माझ्यावरची वाळू पुसली आणि पुन्हा अंबाजीच्या हातात दिलं. "आजून टाक," ती म्हणाली. तो दिवसभर टाकत होता.

पुढच्या वर्षी करंडक थळला आला. लांबून टाकून आला की जवळून, हा वाद मास्तर आणि गुणाजी अजून घालतात. मी दोन्हीकडून जाळीत गेलो, पण मला कोणी विचारत नाही. करंडक सोनूबाईच्या घरी आहे. ती त्याने जवला, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी मापते. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणते, "जिल्ह्यात पयलं आलेलं माप हाय ह्ये."

आता एकोणीसशे साठ साल उलटून गेलं. मास्तरांचे केस पिकले, कोळीवाड्यात नवा रबरी चेंडू आला, अंबाजी नव्या पोरांना कडीखाली उभं राहायला शिकवतो. माझी शिवण उसवली, हवा टिकेना. मला वाटलं, संपलं. पण गुणाजीने माझ्या पोटात हलक्या लाकडाचे तुकडे भरले, टाके घातले, वरून डांबर चोपडलं. जाळ्याची खूण म्हणून पाण्यावर तरंगायला मी उद्या पहाटे त्याच्या होडीतून निघतोय. मासळीच्या तेलाचा वास अखेर मासळीच्याच घरी चाललाय.

भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण आनंद जास्त आहे. गुणाजी, तुझ्याकडे एकच मागणं आहे. मला होडीच्या काठावरून अलगद पाण्यात सोडू नकोस. मागे सरक, दोन्ही हातांनी छातीशी घे आणि लांब फेक.